विश्लेषण : घरातील ‘नॅस’ इंटरनेटवर उघडे ठेवणे किती धोक्याचे? बाहेरून फायली पाहण्याचा सुरक्षित मार्ग कोणता?

मोबाइलमधील छायाचित्रे, लग्नाचे व्हिडीओ, प्राप्तिकराची कागदपत्रे, व्यवसायाच्या नोंदी असा सगळा डेटा घरच्याच एका पेटीत ठेवायचा आणि तो ऑफिसातून, गावाहून किंवा परदेशातून हव्या त्या उपकरणावर पाहायचा, ही सोय ‘नॅस’मुळे मिळते. मात्र या सोयीसाठी अनेक जण राउटरमध्ये जी वाट मोकळी करून ठेवतात, त्याच वाटेने गेल्या काही वर्षांत खंडणीखोरांनी जगभरातील हजारो घरे आणि छोट्या कार्यालयांतील डेटा कुलूपबंद केला. बाहेरून पाहण्याची सोय न सोडता हा धोका कसा टाळता येईल, याविषयी…

‘नॅस’ म्हणजे काय?

‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’चे हे लघुरूप. एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतील अशी छोटी पेटी, तिच्यात स्वतःचा प्रोसेसर आणि बहुतेकदा लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली. ही पेटी केबलने राउटरला जोडली की घरातील मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही तिच्यातील फायली वापरू शकतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टोर या तैवानी कंपन्या आणि अमेरिकेची वेस्टर्न डिजिटल ही यातील परिचित नावे. काही हौशी मंडळी जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पायवर स्वतःच नॅस उभारतात. गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केल्यानंतर दरमहा भाडे भरण्याऐवजी एकदाच खर्च करून डेटा घरात ठेवण्याचा पर्याय अनेकांना रास्त वाटू लागला. छायाचित्रकार, वास्तुरचनाकार, सनदी लेखापाल यांच्या छोट्या कार्यालयांतही ही पेटी दिसते. म्हणजेच तिच्यात फक्त घरच्या आठवणी नसतात. दुसऱ्यांनी विश्वासाने सोपवलेली कागदपत्रेही असतात.

धोका नेमका कुठे आहे?

घरातील राउटर साधारणपणे दारावरच्या राखणदारासारखा वागतो. आतल्या उपकरणाने मागणी केली तरच तो बाहेरचे उत्तर आत सोडतो, बाहेरून आपणहून आलेल्याला परत पाठवतो. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केले की या राखणदाराला कायमची सूचना मिळते, की अमुक क्रमांकाच्या दारावर जो येईल त्याला थेट नॅसकडे पाठव. ‘यूपीएनपी’ ही सुविधा सुरू असेल तर नॅस स्वतःच राउटरला सांगून असे दार उघडून घेऊ शकते आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो.

‘आपल्या घराचा पत्ता कोणाला ठाऊक आहे?’ हा दिलासा येथे चालत नाही. इंटरनेटच्या जुन्या, आयपीव्ही४ पद्धतीत एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत. हे सगळे पत्ते एका साध्या सर्व्हरवरून तासाभराच्या आत तपासता येतात, हे मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्येच ‘झेडमॅप’ या साधनाद्वारे दाखवून दिले. ‘शोडान’सारखी शोधयंत्रे तर इंटरनेटवर उघड्या असलेल्या उपकरणांची यादीच ठेवतात. त्यामुळे पोर्टचा क्रमांक बदलल्याने फार तर थोडा वेळ मिळतो.

‘डेडबोल्ट’ने काय केले?

जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅपच्या अनेक ग्राहकांना लॉगइनच्या पानाऐवजी खंडणीची सूचना दिसली. फायली कूटबद्ध होऊन त्यांच्या नावापुढे ‘डेडबोल्ट’ हे शेपूट लागले होते. मागणी होती ०.०३ बिटकॉइनची, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १,१०० डॉलरची. हल्लेखोरांनी खुद्द कंपनीलाही दोन भाव सांगितले. त्रुटीचा तपशील हवा असेल तर ५ बिटकॉइन, आणि सर्व ग्राहकांची कुलुपे उघडणारी किल्ली हवी असेल तर ५० बिटकॉइन. त्याच महिन्यात क्यूनॅपने ग्राहकांना राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंग आणि नॅसमधील यूपीएनपी बंद करण्याचे आवाहन केले होते. पुढच्या महिन्यात हीच टोळी असुस्टोरच्या ग्राहकांकडे वळली.

त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ने वेगळी युक्ती वापरली होती. त्याने फायली ‘सेव्हन झिप’ या सर्वपरिचित प्रणालीने पासवर्ड लावून बंद केल्या आणि पासवर्डसाठी ०.०१ बिटकॉइन मागितले. या हल्ल्यांमध्ये कोणी फसवा ईमेल उघडला नव्हता की कोणाला ओटीपी सांगितला नव्हता. उपकरण इंटरनेटवर थेट दिसत होते आणि त्यात त्रुटी होती, एवढे पुरेसे ठरले.

जुनी उपकरणे अधिक धोक्यात का?

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या उपकरणांचे ‘फॅक्टरी रीसेट’ बाहेरूनच केले गेले आणि अनेकांचा डेटा पुसला गेला. खंडणी मागण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. या उपकरणांसाठीचे शेवटचे अद्ययावतीकरण २०१५ मध्ये आले होते. रीसेटपूर्वी पासवर्ड विचारणारा भागच प्रणालीत निष्क्रिय करून ठेवलेला होता, हे नंतर उघड झाले. कंपनीचा पाठिंबा संपलेले उपकरण घरात वापरता येईल, पण ते इंटरनेटवर उघडे ठेवता येणार नाही, हा याचा धडा.

उलट उदाहरण २०१४ मधील ‘सिनोलॉकर’चे. ज्या त्रुटीतून हा हल्ला झाला, ती सिनॉलॉजीने डिसेंबर २०१३ मध्येच दुरुस्त केली होती. ऑगस्ट २०१४ पर्यंत ज्यांनी अद्ययावतीकरण केले नव्हते, ते सापडले.

‘सीजीनॅट’मुळे आपण आपोआप सुरक्षित असतो का?

पत्त्यांच्या टंचाईमुळे भारतातील अनेक ब्रॉडबँड आणि मोबाइल कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला ‘सीजीनॅट’ म्हणतात. राउटरच्या ‘वॅन’ पानावरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल तर आपण त्यात आहोत असे समजावे. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही, त्यामुळे बाहेरून नॅस दिसत नाही. पण त्यावर विसंबून राहणे योग्य नाही. त्याच जोडणीवर आयपीव्ही६ सुरू असेल तर घरातील प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. राउटरमधील आयपीव्ही६ची फायरवॉल सुरू आहे की नाही, हे म्हणूनच पाहायला हवे.

मग बाहेरून फायली कशा पाहाव्यात?

तत्त्व साधे आहे. नॅसला इंटरनेटवर आणू नये, आपली उपकरणे घरच्या नेटवर्कमध्ये आणावीत. हे काम ‘व्हीपीएन’ करते. येथे परदेशी संकेतस्थळे पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या व्हीपीएनचा संबंध नाही. हे आपल्याच घरापर्यंत जाणारे खासगी भुयार असते. सध्या यासाठी ‘वायरगार्ड’ हा पर्याय सर्वाधिक सुटसुटीत आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीपासून तो कर्नलचाच भाग आहे. काही राउटरमध्ये तो आधीच असतो. नसेल तर रास्पबेरी पायवर बसवता येतो.

वायरगार्डसाठीही राउटरमध्ये एक पोर्ट उघडावे लागते, परंतु फरक मोठा आहे. नॅसचे लॉगइन पान येणाऱ्या प्रत्येकाला ‘नाव-पासवर्ड सांगा’ असे म्हणते. वायरगार्ड मात्र योग्य किल्ली नसलेल्या मागणीला उत्तरच देत नाही. दार ठोठावणाऱ्याला तेथे दार आहे हेही कळत नाही. सीजीनॅटमुळे पोर्ट उघडता येत नसेल तर ‘टेलस्केल’सारख्या सेवा उपयोगी पडतात. त्या वायरगार्डवरच आधारित असून दोन्ही टोकांकडून बाहेर जाणाऱ्या जोडण्या जुळवून देतात. वैयक्तिक वापरासाठी त्यांची मोफत योजनाही आहे. मात्र त्या खात्याचा पासवर्ड हीच घराची किल्ली ठरते. त्यामुळे तेथे द्विस्तरीय पडताळणी हवीच.

उपकरणे अनेक असतील तर?

समजा, आई-वडिलांचे दोन मोबाइल, मुलीचा लॅपटॉप, ऑफिसचा संगणक आणि एक टॅबलेट अशी पाच उपकरणे आहेत. सोयीसाठी एकच किल्ली सगळीकडे टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली दिली, तर लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेल्यावर तेवढीच किल्ली रद्द करता येते आणि बाकीच्या चारांना हात लावावा लागत नाही.

दोन अडचणी हमखास येतात. पहिली वेगाची. सगळी वाहतूक घरच्या राउटरमधून फिरवली तर मोबाइलवरचे इतर इंटरनेटही मंदावते. व्हीपीएनमध्ये फक्त घरच्या पत्त्यांचा मार्ग टाकला की हा प्रश्न सुटतो. दुसरी अडचण पत्ते एकच असण्याची. बहुतेक राउटर घरातील उपकरणांना १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देतात. हॉटेल वा ऑफिसच्या वायफायवरही तेच पत्ते असतील तर व्हीपीएन जोडलेले दिसते, पण नॅस सापडत नाही. घरच्या राउटरमध्ये तिसरा आकडा बदलून ८७ किंवा १४३ असा सहसा न वापरला जाणारा ठेवला की हा घोळ टळतो.

कंपनीची ‘रिले’ सेवा वापरावी का?

सिनॉलॉजीची ‘क्विककनेक्ट’ किंवा क्यूनॅपची ‘मायक्यूनॅपक्लाउड’ यांसारख्या सेवांमध्ये राउटरला हात न लावता बाहेरून नॅस उघडता येते. थेट पोर्ट उघडण्यापेक्षा हे बरे. परंतु आपला आयडी ज्याला कळेल, तो लॉगइन पानापर्यंत पोहोचू शकतो. व्हीपीएन न जमणाऱ्या ज्येष्ठ नातेवाइकांसाठी ही सेवा ठेवायचीच असेल, तर त्यांना केवळ पाहण्याची परवानगी असलेले वेगळे खाते द्यावे. एखादाच अल्बम पाठवायचा असेल तर पासवर्ड आणि मुदत असलेला दुवा पुरतो.

पेटीत आणि राउटरमध्ये कोणते बदल करावेत?

राउटरमधील यूपीएनपी बंद करावे आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या जुन्या नोंदी पुसाव्यात. नंतर मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून घरचा सार्वजनिक पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहावा. नॅससाठी वापरले जात असलेले पोर्टही त्यापुढे लिहून पाहावे. लॉगइन पान उघडले तर दार अजून सताड उघडे आहे.

नॅसमधील ‘अ‍ॅडमिन’ हे मूळ खाते बंद करून वेगळ्या नावाचे प्रशासक खाते तयार करावे. ते फक्त देखभालीसाठी वापरावे. रोजच्या वापरासाठी मर्यादित अधिकारांची खाती ठेवावीत. २०१९ मध्ये सिनॉलॉजीच्या काही ग्राहकांना बसलेला फटका याच ‘अ‍ॅडमिन’ खात्याचे पासवर्ड यंत्राने एकामागून एक ओळखून पाहिल्यामुळे होता. द्विस्तरीय पडताळणी, चुकीच्या प्रयत्नांनंतर पत्ता आपोआप रोखण्याची सुविधा आणि स्वयंचलित अद्ययावतीकरण सुरू करावे. टेलनेट, एफटीपी, ‘एसएमबी’ची पहिली आवृत्ती आणि न वापरली जाणारी अ‍ॅप्स काढून टाकावीत.

एवढे केल्यावर बॅकअप लागत नाही का?

लागतोच. व्हीपीएनमुळे अनोळखी माणूस बाहेर राहतो; पण घरातल्याच लॅपटॉपमध्ये खंडणीचा विषाणू शिरला, तर त्याला जोडलेले नॅसचे फोल्डरही तो कूटबद्ध करतो. दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणारी ‘रेड’ पद्धत डिस्क बिघडल्यास वाचवते, पण पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. फायलींच्या जुन्या अवस्था जपणारे ‘स्नॅपशॉट’ उपयोगी आहेत, मात्र नॅसचा प्रशासकीय ताबाच गेला तर हल्लेखोर तेही पुसू शकतो.

त्यामुळे छायाचित्रकार पीटर क्रो यांनी लोकप्रिय केलेला ‘३-२-१’ नियम आजही कामाचा आहे : डेटाच्या ३ प्रती, २ प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी १ घराबाहेर. व्यवहारात, आठवड्यातून एकदा यूएसबी डिस्क जोडून प्रत घ्यावी आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. दुसरी प्रत कूटबद्ध करून क्लाउडवर किंवा नातेवाइकाच्या घरी ठेवावी. तीन-चार महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून एखादे फोल्डर परत मिळवून पाहावे.

हल्ला झालाच तर?

सर्वप्रथम नॅसची नेटवर्क केबल काढावी. खंडणीच्या पानाचे छायाचित्र घ्यावे. घाईत रीसेट करू नये आणि कूटबद्ध फायली पुसू नयेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी डेडबोल्ट टोळीला बिटकॉइन पाठवले, किल्ल्या हाती पडताच व्यवहार पक्के होण्याआधी रद्द केले आणि अशा १५५ किल्ल्या मिळवल्या. फायली जपून ठेवलेल्या ग्राहकांनाच त्यांचा उपयोग होऊ शकला. भारतात राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पैसे गेले असतील तर १९३० या मदतवाहिनीवर तातडीने कळवावे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेलाही घटना कळवता येते. दरम्यान, बॅकअपची डिस्क नॅसला लगेच जोडू नये. आधी उपकरण पूर्ण साफ करून, अद्ययावत करून आणि उघडे पोर्ट बंद करूनच डेटा परत टाकावा.