गुलमर्ग, औली की सोलांग?

स्कीइंगचा बेत ठरला की आपल्याकडे पहिलं नाव निघतं गुलमर्गचं, आणि त्यात नवल नाही. १९२७ साली ब्रिटिशांनी तिथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. आज गंडोला (केबल कार) गुलमर्गच्या साधारण २,६५० मीटरवरून आधी कोंगडूरीला आणि तिथून अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेते. हा वरचा टप्पा २००५चा. गुलमर्गची परदेशी स्कीपटूंमध्ये ख्याती झाली ती त्याच्याच जोरावर, पण नवख्याने नेमका तोच टाळावा. वर यंत्राने दाबून सपाट केलेल्या वाटा नाहीत. सगळा मोकळा, भुसभुशीत बर्फ आणि हिमस्खलनाची धास्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू दगावले, पुढच्या फेब्रुवारीत एक रशियन.

शिकणाऱ्याचे पहिले दिवस जातात थांबायला शिकण्यात. बूट कडक प्लास्टिकचे, नडगी पुढे झुकवूनच उभं राहावं लागतं. स्कीची टोकं समोर जवळ आणायची, टाचा बाहेर रेटायच्या आणि आतल्या कडा बर्फात रुतवायच्या, म्हणजे वेग मंदावतो. घाबरून मागे रेललात की स्की सुसाट सुटतात. एवढ्या कसरतीला गुलमर्गच्या मैदानालगतचे सौम्य उतार पुरेसे आहेत. तिथे उगाच गंडोलाच्या रांगेत उभं राहू नये.

गढवालमधल्या औलीचे उतार शिकायला अधिक सोयीचे, साधारण २,५०० ते ३,०५० मीटरवरचे, समोर नंदादेवी. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेतलं स्कीइंग इथे झालं. दुखणं आहे ते बर्फाचं. हिमालयातला हिवाळी बर्फ आणतात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात. ते आधी काश्मीरवर रिते होतात आणि पूर्वेकडे सरकताना बहुधा क्षीण होत जातात. औलीत कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली आहेत, पण पुरेशी थंडी नसेल तर तीही निरुपयोगी. २०२३ची राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाली. त्याच वर्षी जानेवारीत जोशीमठच्या घरांना भेगा पडल्या आणि तिथून औलीला चढणारा रोपवे बंद करावा लागला.

सोलांगबद्दल थोडक्यात. मनालीजवळचा हा उतार आखूड, आणि भाड्याचे कोट घालून फोटो काढणाऱ्यांनी भरलेला. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला तर गोष्ट वेगळी. २०१८ साली तुर्कस्तानात भारताला स्कीइंगमधलं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळवून देणारी आंचल ठाकूर याच भागातली. हेन्री फोर्डचे पणतू आल्फ्रेड फोर्ड यांना इथे भलंमोठं स्की-गाव वसवायचं होतं. २००६ साली नग्गरला कुल्लू खोऱ्यातल्या देवतांची ‘जगती’ म्हणजे देवसभा भरली आणि देवांनी त्याला साफ नकार दिला. पर्यावरणाची जनसुनावणी अशीही होते!

माझा कौल शिकाऊंसाठीही गुलमर्गलाच, पण खालच्या उतारांवर, प्रशिक्षक घेऊन. मात्र नाताळच्या सुट्टीचा हट्ट सोडावा. काश्मीरातला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, चिल्लई कलां, २१ डिसेंबरला सुरू होतो, तरी थंडी आली म्हणजे बर्फ आला असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग बराच काळ उघडंबोडकं होतं आणि २०२५च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा तिथला टप्पा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. फेब्रुवारीचा उत्तरार्ध धरावा आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट काढावं, चार पैसे जास्त पडले तरी.