वाड्यावरचं तावेर्न आणि शनिवारचा काफ्रियाल

या पानावर फेस्ताविषयी, लदिनीविषयी, जुन्या पाद्रींच्या आठवणींविषयी लिहून येतं. मी आज लिहितोय ते एका बारविषयी. म्हणून आधीच सांगतो, मी ख्रिस्ती नाही, शेजारी आहे. आणि दारूची तरफदारी करायला बसलेलो नाही. पण बार्देशातल्या आमच्या वाड्यावरचं तावेर्न येत्या मे महिन्याच्या अखेरीस बंद होणार आहे. ते बंद होण्याआधी चार गोष्टी मोकळेपणी बोलायला हव्यात, असं मला वाटतं.

खुरसाकडून आत वळलं की तिसरं घर. घराचीच पुढची खोली म्हणजे तावेर्न. निळी दारं, दोन मेजं, चार बाकं, एक काचेचं कपाट. कपाटाच्या वर क्रूस, त्याच्यापुढे लाल दिवा आणि बाजूला गेल्या वर्षीचं कॅलेंडर. बाहेर पत्र्याची पाटी होती, ती गंजून पडली, पुन्हा कुणी लावली नाही. मारियो मिरांडांच्या चित्रांत असं तावेर्न पाहून लोक हसतात. आम्ही त्या चित्रातच लहानाचे मोठे झालो. चुकून एखादा पर्यटक आला आणि त्याने मेन्यू कार्ड मागितलं, तर मालक म्हणतो, "मेन्यू म्हणजे मीच."

मालकाला आम्ही सगळे पात्रांव म्हणतो. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. पण तावेर्नाचं नाव झालं ते पात्रांवमुळे नव्हे, आत चुलीपाशी उभ्या असणाऱ्या आंटीमुळे. शनिवारी संध्याकाळी तिचा काफ्रियाल तव्यावर पडला की वास खुरसापर्यंत येतो. न पिणारी माणसंही मग दाराशी डबा घेऊन उभी राहतात. त्यांत बायका असतात, शाळेतली मुलं असतात, पलीकडच्या वाड्यावरचे भटजींचे शेजारीही असतात.

काफ्रियाल म्हणजे काय हे गोव्यात कुणाला सांगायला नको. पण बेळगाव-खानापूरकडचे वाचकही हे पान वाचतात, म्हणून सांगतो. कोंबडीचे मोठे तुकडे करायचे, तंगडी अख्खी ठेवायची आणि सुरीने खोल चिरा द्यायच्या. कोथिंबिरीची जुडी, हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी हे सगळं लिंबाच्या रसात किंवा माडाच्या शिरक्यात वाटायचं. आंटी अजून रगड्यावरच वाटते. मिक्सरात वाटण तापतं आणि कोथिंबीर काळी पडते, असं तिचं म्हणणं. वाटण बोटाने चिरांत भरून कोंबडी रात्रभर ठेवायची. दुसऱ्या दिवशी जाड तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस करायची, मग आच कमी करून उरलेलं वाटण वर घालायचं आणि झाकण ठेवायचं. पाणी आटत आटत मसाला कोंबडीला धरतो. मग त्याच तव्यात बटाट्याच्या फोडी. वर कच्चा कांदा, लिंबू, आणि सोबत पदेराकडची पोय. काही लोक वाटणात रम घालतात. आंटी घालत नाही. "माणसं पितात तेवढं पुरे," असं म्हणते.

या पदार्थाच्या नावातही एक गोष्ट आहे. पोर्तुगिजांच्या काळात गोवा आणि मोझांबिक यांचा संबंध जवळचा होता. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा. त्या वाटेने आफ्रिकेतली माणसं इथे आली, कुणी शिपाई म्हणून, कुणी गुलाम म्हणून. कोंबडीला तिखट लावून निखाऱ्यावर भाजायची रीत तिकडची. मिरची पोर्तुगिजांनी अमेरिकेतून आणलेली. कोथिंबीर आणि गरम मसाला आपल्या रांधपघराने घातला. 'काफ्र' हा शब्द मात्र काळ्या माणसाला हिणवण्यासाठी वापरत, मूळ अरबी 'काफिर'वरून आलेला. ज्यांना हिणवलं त्यांच्याच हातची चव आज आपण पाहुण्यांपुढे मिरवतो. खाताना एवढं तरी आठवावं.

आता पात्रांवच्या शिस्तीबद्दल. हुर्राकचा हंगाम मार्च ते मे. काजूच्या बोंडांचा रस आंबवून एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे तावेर्नाची खरी कमाई या तीन महिन्यांची, आणि त्यातच उपवासकाळ येतो. तरी राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आंटीचा तवा बंद म्हणजे बंद. शनिवारीसुद्धा कोंबडी नाही. चणे मिळतील, तळलेला बांगडा मिळेल. गुड फ्रायडेला तर दारच उघडत नाही. ईस्टरनंतरचा पहिला तवा विकायचा नसतो; तो शेजाऱ्यांच्या घरी जातो, आमच्याही. यंदाही आला.

आणि हीच शिस्त तो आम्हालाही लावतो. कॉलेजात असताना एकदा श्रावणात मी मित्रांबरोबर तिथे जाऊन बसलो. पात्रांवने कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "आयज सोमार न्हय? श्रावण तुमचो. घरा वच." मी म्हटलं, मी पाळत नाही. तो म्हणाला, "तू पाळत नसशील, तुझी आई पाळते. उद्या ती मला विचारील." मित्र हसले, पण उठावं लागलं.

ही झाली गमतीची गोष्ट. पुढची तशी नाही.

माझे वडील डिचोलीकडच्या खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रक जागेवर उभे राहिले आणि वडील तावेर्नात बसू लागले. आधी संध्याकाळी, मग दुपारी. महिनाभराने पात्रांवने उधारीची वही काढली, वडिलांच्या पानावर आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "हे पान भरलं. आता रोखीनं. आणि रोख तुझ्याकडे नाही, हे मला ठाऊक आहे." चारचौघांत बोलला. वडील संतापले. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी त्या घराचं तोंड पाहिलं नाही.

त्या शनिवारी मात्र आंटीने मुलाच्या हातून चार तुकडे आमच्याकडे पाठवले. पुढच्या शनिवारीही. आई पैसे द्यायला गेली तर आंटी म्हणाली, "पैसे नकोत. घोवाला सांग, म्हापशाहून सामान आणायला माणूस हवा आहे." पुढची दोन वर्षं वडील दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून कोंबड्या, बटाटे, कोथिंबीर स्कूटरवर आणून द्यायचे. त्यांची दारू सुटली, असं लिहिलं तर गोड वाटेल, पण ते खरं नाही. मोजकी झाली. घर उभं राहिलं.

पण याची दुसरी बाजू लिहिली नाही, तर हा लेख खोटा ठरेल.

आमच्या वाड्यावर एक सुतार होता. हात असा की इगर्जीतल्या बाकांचं काम त्याच्याकडेच यायचं, आणि लदिनीत गळा असा की खुरसापाशी त्याच्याशिवाय सुरुवात होत नसे. तो त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. यकृत संपलं होतं. त्याचं पान पात्रांवने कधी बंद केलं नाही, कारण त्याचं पान नव्हतंच. तो रोखीनं प्यायचा. याविषयी मी पात्रांवला एकदाच विचारलं. तो बराच वेळ पेले पुसत राहिला. मग म्हणाला, "उधारीवाल्यांवर माझी नजर होती. रोख देणाऱ्याकडे मी पाहिलंच नाही. त्याला मीच ओतून देत होतो." दरवर्षी २ नोव्हेंबरला तो त्या कबरीवर मेणबत्ती लावायला जातो. सुताराची बायको त्या वेळी तिथे थांबत नाही.

आता बंद का होतंय, ते सांगतो. आंटीचे गुडघे गेले. मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडनला गेला, तिथेच नोकरी, तिथेच संसार. तो परत येऊन बाक पुसणार नाही, आणि यावं असं आईबापांनाही वाटत नाही. २०१७ च्या १ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हमरस्त्यालगतचे कितीतरी बार बंद पडले होते. आमचं आत असल्यामुळे तेव्हा वाचलं. आता मात्र बंद करायला न्यायालयाची गरज नाही.

परवाना भाड्याने मागायला तीन जण येऊन गेले. एकाला तिथे दिव्यांची पाटी आणि मोठ्याने गाणी लावायची आहेत. भाडं चांगलं देतो म्हणाला. म्हातारपणी घरबसल्या पैसे मिळाले असते. पात्रांवने तिघांनाही नाही म्हटलं. "परवाना भाड्यानं देता येतो," तो म्हणाला, "पण कोणी किती प्यायचं, कुणाचा आज उपास, कुणाच्या घरी पोर आजारी, हे भाडेकरूला कोण सांगणार? मला माहीत असूनही एक माणूस माझ्या हातून गेला."

मला वाटतं, सगळं या वाक्यात आलं. वाड्यावरचा बार चांगला की वाईट, हे बाटलीवर ठरत नाही. ओतणारा शेजारी आहे की नाही, यावर ठरतं. आणि शेजारीही चुकतो.

ईस्टरनंतर खुरसापाशी लदीन झाली, तेव्हा चणे खाता खाता हा विषय निघाला. कुणी म्हणालं, वाड्याची शान जाते. कुणी म्हणालं, बरं झालं, पोरं सुधारतील. मी म्हटलं, दारू नको, पण तवा तरी राहावा. शनिवारी खाण्याची खानावळ चालवता येईल. सुताराची बायको माझ्या मागेच उभी होती. ती म्हणाली, "बंद होतंय तेच बरं. कोंबडी आम्हाला घरी करता येते." कुणीच काही बोललं नाही. तिला उत्तर द्यायचा हक्क आमच्यापैकी कुणालाच नव्हता.

तिचं म्हणणं मी मनात ठेवून आहे. तरीही एक विनंती करतो. आमच्या वाड्यावर एकटी राहणारी म्हातारी माणसं वाढताहेत. घरं मोठी आणि बंद, मुलं परदेशात. त्यांच्यापैकी सहा-सात जणांसाठी शनिवारचा तो डबा म्हणजे आठवड्यात कुणीतरी नाव घेऊन हाक मारण्याचा एकमेव दिवस असतो. दारू काढून टाकली तर कमाई किती राहील, ठाऊक नाही. आंटीला स्वतःलाच शंका आहे. पण दोघी-तिघी बायकांनी हात लावला, तर जागा देऊ, भाडं नको, असं पात्रांवने सांगितलं आहे. पहिली अट एकच, की म्हापशाहून आणलेली कोंबडी शुक्रवारीच वाटणात पडली पाहिजे.

मे अखेरपर्यंत दर शुक्रवारी दुपारी आंटी रगड्यापाशी बसून वाटण दाखवायला तयार आहे. ख्रिस्ती असो, हिंदू असो, बाई असो वा पुरुष, ज्याला शिकायचं आहे त्याने यावं. मी गेल्या शुक्रवारी गेलो होतो. मिरच्यांनी हात दोन दिवस जळत होते, आणि माझं वाटण जाडंभरडं झालं म्हणून आंटीने मला पुन्हा वाटायला लावलं. येत्या शुक्रवारी पुन्हा जाणार आहे. कोथिंबीर मी आणीन.



— एक शेजारी, बार्देश