असममित द्विमितीय अर्धवाहक

असममित द्विमितीय अर्धवाहक म्हणजे केवळ काही अणूंइतकी जाडी असलेले आणि वरच्या व खालच्या पृष्ठभागांवर भिन्न मूलद्रव्यांचे अणू असलेले अर्धवाहक पदार्थ होत. दोन दिशांना दोन मुखे असलेल्या जेनस या रोमन देवतेवरून त्यांना ‘जेनस पदार्थ’ असेही म्हणतात. मध्ये मॉलिब्डेनम, एका बाजूस गंधक आणि दुसऱ्या बाजूस सेलेनियम अशी रचना असलेला मॉलिब्डेनम सल्फोसेलेनाइडचा पदर हे त्यांचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

२००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटपासून ग्रॅफीनचा एका अणूच्या जाडीचा पदर वेगळा केला. या कार्यासाठी त्यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रॅफीन उत्तम वाहक आहे. परंतु त्यात ऊर्जा-अंतर नसल्याने त्याच्या ट्रान्झिस्टरमधील प्रवाह पूर्णपणे बंद करणे कठीण जाते. त्यामुळे संशोधकांचे लक्ष मॉलिब्डेनम डायसल्फाइडकडे वळले. याच्या जाड स्फटिकातून प्रकाश अत्यल्प बाहेर पडतो. मात्र एकच पदर उरला की ऊर्जा-अंतर ‘प्रत्यक्ष’ होते, म्हणजे इलेक्ट्रॉन संवेग न बदलता खालच्या पातळीवर येऊ शकतो, आणि पदर ठळकपणे प्रकाश देतो. हे २०१० मध्ये प्रयोगांनी दिसून आले.

रचना व अंतर्गत विद्युत क्षेत्र

मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पदरात मॉलिब्डेनमच्या दोन्ही बाजूंस गंधकाचेच अणू असतात. मधल्या थराच्या जागी आरसा कल्पिल्यास वरची बाजू ही खालच्या बाजूचे प्रतिबिंब ठरते. एका बाजूचा गंधक काढून तेथे सेलेनियम बसवले की ही आरसा-सममिती नाहीशी होते. गंधक व सेलेनियम यांची विद्युतऋणता आणि आकार भिन्न असल्याने विद्युतभाराची वाटणी असमान होते आणि पदराला काटकोनात एक कायमचे विद्युत क्षेत्र निर्माण होते. बाहेरून विद्युतदाब न देता लाभलेले हे क्षेत्र या पदार्थांच्या बहुतेक वैशिष्ट्यांचे मूळ आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. गंधक व सेलेनियम यांचे तेवढेच अणू दोन्ही बाजूंवर विखुरले, तर रासायनिक प्रमाण तेच राहते, पण असे निव्वळ क्षेत्र उरत नाही. घटक कोणते यापेक्षा ते कोठे बसले आहेत, हे येथे निर्णायक ठरते.

इलेक्ट्रॉनीय गुणधर्म

या क्षेत्रामुळे गतिमान इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या त्यांच्या स्पिनच्या दिशेनुसार विभागल्या जातात. यास राश्बा परिणाम म्हणतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सैद्धांतिक अभ्यासात, म्हणजे हा पदार्थ तयार होण्यापूर्वीच, त्याचे भाकीत केले गेले होते. असममित पदरात दाबविद्युत परिणाम पदराच्या प्रतलाला लंब दिशेनेही संभवतो. साध्या पदरात तो प्रतलापुरता मर्यादित असतो.

प्रकाशीय गुणधर्म

मॉलिब्डेनम सल्फोसेलेनाइडचा पदर सुमारे १.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा, म्हणजे दृश्य वर्णपटाच्या लाल टोकाजवळील प्रकाश देतो. शोषलेल्या प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन व त्याने मागे ठेवलेली धन पोकळी यांची बद्ध जोडी तयार होते. तिला एक्सायटॉन म्हणतात. सिलिकॉनमध्ये ही जोडी खोलीच्या तापमानाला सहज फुटते. द्विमितीय पदरांत मात्र बंधन अनेक पटींनी बळकट असल्याने ती टिकते. अंतर्गत क्षेत्र इलेक्ट्रॉन व पोकळी यांना विरुद्ध पृष्ठभागांकडे ओढत असल्याने, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करण्यासाठी हे पदार्थ उपयोगी पडतील असे सैद्धांतिक अभ्यास सुचवतात.

निर्मिती व पडताळणी

२०१७ मध्ये दोन संशोधक गटांनी हा पदर स्वतंत्रपणे तयार केला. एका गटाने हायड्रोजन प्लाझ्माने डायसल्फाइडचा वरचा गंधक काढून तेथे सेलेनियम बसवले. दुसऱ्याने डायसेलेनाइडच्या वरच्या थरात उच्च तापमानाला गंधक घातला. तापमान कमी पडल्यास अदलाबदल अपुरी राहते, अधिक झाल्यास दोन्ही बाजूंचे अणू मिसळतात. म्हणून रचनेची पडताळणी आवश्यक ठरते. त्यासाठी १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेल्या रामन परिणामाचा उपयोग होतो, कारण असममित पदराची कंपने साध्या पदराहून वेगळी असतात.

भारतातील संशोधन

कंपने व सममिती यांचा संबंध भारतीय संशोधनातही अभ्यासला गेला आहे. अजय सूद आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी उमेश वाघमारे यांनी बंगळूरमधील सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकपदरी ट्रान्झिस्टरचा अभ्यास प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवल्यास कोणते कंपन बदलेल हे त्या कंपनाच्या सममितीवर अवलंबून असते, असे त्यात दिसून आले. अशा पदार्थांची सैद्धांतिक आकडेमोड महासंगणकांवर केली जाते. पुण्याच्या आयसर संस्थेत राष्ट्रीय महासंगणक अभियानांतर्गत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसवण्यात आला आहे.