पाटी लावायचीय? आधी बोर्डापुढे या!

समजा, तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात मिठाईचं दुकान काढताय. जागा भाड्याने घेतली, काउंटर बसला, पेढ्यांची पहिली खेप तयार आहे. राहिली फक्त दारावरची पाटी. पेंटरला फोन केला की झालं, असं वाटतं ना? तिथे तसं नाही. पाटीला परवाना लागतो. बऱ्याच गावांत तिचं चित्र डिझाइन रिव्ह्यू बोर्डापुढे ठेवावं लागतं. आणि पाटी नियमात बसत नसेल तर 'व्हेरियन्स' मागावा लागतो, म्हणजे नियमातून रीतसर सूट. माझी पीएचडी याच भानगडीवर आहे. "पाट्यांवर पीएचडी?" असं घरच्यांनीही विचारून झालंय, म्हणून आज जरा सविस्तर.

नियम नेमके कशाचे?

प्रत्येक गावाचा आपला साइन कोड असतो. पाटी केवढी, किती उंचावर, किती पाट्या, दिवे कसले, हे सगळं त्यात येतं. पाटीचं क्षेत्रफळ बहुधा दुकानाच्या दर्शनी रुंदीवर ठरतं. समजा, एका फुटाला एक चौरस फूट असा नियम आहे. मग तुमच्या २० फुटी दुकानाला २० चौरस फुटांची पाटी मिळेल.

आता गंमत बघा. सुटी अक्षरं भिंतीवर लावली, तर अक्षरांभोवती एक काल्पनिक चौकट आखून तिचं क्षेत्रफळ मोजायची पद्धत सर्रास आहे. इंग्रजी कॅपिटल अक्षरं सगळी एका उंचीची, त्यामुळे चौकट घट्ट बसते. पण 'पुरणपोळी' लिहा: उकार खाली लोंबतो, वेलांटी आणि मात्रा वर जातात, चौकट दोन्हीकडे वाढते. तेवढ्याच क्षेत्रफळात मूळ अक्षर बारीक करावं लागतं. नियमात कुठल्याही लिपीचं नाव नाही, तरी फटका एकाच लिपीला बसतो.

व्हेरियन्स म्हणजे 'प्लीज, एवढं चालवून घ्या' नव्हे

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने राज्यांसाठी झोनिंगचा एक नमुना कायदा काढला. विशेष परिस्थितीत नियम अक्षरशः लावल्याने 'अनावश्यक हालअपेष्टा' होणार असतील, तर स्थानिक मंडळाने सूट द्यावी, अशी तरतूद त्यात होती. बहुतेक राज्यांनी तोच साचा उचलला. काही ठिकाणी मापांच्या सवलतीसाठी कसोटी थोडी सौम्य आहे, पण गाभा तोच.

कळीचा मुद्दा असा की अडचण जागेची हवी, तुमची नव्हे. इमारत रस्त्यापासून फार आत आहे, वळणावर आहे, समोर पुलाचा खांब येतो: ही झाली अडचण. 'धंदा बसेल', 'शेजाऱ्याची पाटी मोठी आहे', 'पाटी आधीच बनवून घेतली' ही कारणं सहसा चालत नाहीत. शेवटचं तर स्वतःच ओढवून घेतलेलं मानतात.

म्हणजे काय होतं बघा. एकाच कॉम्प्लेक्समध्ये, एकाच झाडामागे दोन दुकानं आहेत. मोठ्या साखळी-दुकानाचा वकील येतो. किती अंतरावरून पाटी दिसत नाही, याचे फोटो मांडतो. शेजारचा एकटा दुकानदार उभा राहून कळकळीने सांगतो, "साहेब, गिऱ्हाईक येत नाही हो." दोघांची अडचण एकच, पण कायद्याला ऐकू येते पहिल्याचीच. माझा संशोधनाचा प्रश्न हाच: सूट जागेला मिळते, की मांडणीला?

'शोभत नाही' म्हणजे काय?

डिझाइन रिव्ह्यूत वेगळीच पंचाईत. पाटी परिसराशी 'सुसंगत' हवी, म्हणजे कशी हवी? वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा गावचा खटला प्रसिद्ध आहे. तिथे वाद पाटीचा नव्हता, अख्ख्या इमारतीचा होता. अर्जदार आराखडे बदलत राहिले. एका सदस्याने तर सुचवलं, रस्त्यावरून गाडीने चक्कर मारा आणि चांगली-वाईट उदाहरणं बघून या! १९९३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की नियम इतके मोघम असतील, तर माणसाने काय करावं हे त्याला कळणारच नाही, आणि सदस्यांची वैयक्तिक आवड म्हणजेच नियम होऊन बसेल.

आणि मजकुराचं काय?

पाटी ही वस्तू आहे, तसं बोलणंही आहे. त्यामुळे अमेरिकेत नगरपालिका माप ठरवू शकते, मजकुरात हात घालायला गेली की अडकते. ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावात वैचारिक पाटीला २० चौरस फूट, पण चर्चच्या प्रार्थनेचा रस्ता दाखवणाऱ्या तात्पुरत्या पाटीला फक्त ६! २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी हे नियम घटनाबाह्य ठरवले.

त्याआधी कॅलिफोर्नियातल्या पोमोना शहराने परकीय लिपीतल्या पाट्यांवर निम्मी जागा इंग्रजी अक्षरांना द्या, असा नियम केला होता. १९८९ मध्ये फेडरल कोर्टाने तो रद्द केला.

इथे आपल्याला महाराष्ट्र आठवणारच. २०२२ च्या दुरुस्तीनुसार आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठी सक्तीची आहे, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. पाटीवरच्या लिपीचाच प्रश्न, उत्तरं मात्र उलटी. कारण पोमोनात बहुसंख्यांची भाषा अल्पसंख्यांच्या पाटीवर लादली जात होती, तर मराठीची सक्ती आपण राज्याची भाषा टिकवण्याचा उपाय मानतो. हा फरक पुरेसा आहे का? तुम्हीच विचार करा.

तुमच्या ओळखीचं कुणी तिकडे दुकान काढत असेल, तर एवढं नक्की सांगा: पाटी बनवायला टाकण्याआधी कोड वाचा. अर्ज करायचा झाला तर धंद्याचं रडगाणं नको, रस्त्यावरून काढलेले फोटो न्या. आणि बोर्ड 'शोभत नाही' म्हणालं, तर शांतपणे विचारा, "कोणत्या कलमाप्रमाणे?"