सनदी शाळा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेतील एक शाळाप्रकार. ‘चार्टर स्कूल’ या संज्ञेचा हा मराठी पर्याय होय. या शाळांचा खर्च मुख्यतः सार्वजनिक निधीतून चालतो व त्यांत विद्यार्थ्यांकडून शिकवणी शुल्क घेतले जात नाही. मात्र त्यांचा दैनंदिन कारभार सामान्यतः स्थानिक शाळामंडळाऐवजी स्वतंत्र नियामक मंडळ पाहते. राज्याच्या कायद्याने अधिकार दिलेली संस्था शाळेशी ठरावीक मुदतीचा करार करते. हीच तिची सनद. शिक्षकांची नेमणूक, अभ्यासक्रम, वेळापत्रक इ. बाबतींत शाळेला अनेक नियमांतून सूट मिळते व त्या बदल्यात ती शैक्षणिक निष्पत्तीची हमी देते. हमी न पाळल्यास सनद रद्द होऊ शकते. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास सामान्यतः सोडतीने प्रवेश देतात.

या कल्पनेचे जनकत्व मॅसॅचूसेट्स विद्यापीठातील प्राध्यापक रे बडी यांच्याकडे जाते. १९८८ मध्ये अमेरिकन शिक्षक महासंघाचे अध्यक्ष ॲल्बर्ट शँकर यांनी तिचा जाहीर पुरस्कार केला. शिक्षकांनी स्वतः अध्यापनाचे नवे प्रयोग करावेत व त्यांचा लाभ इतर सार्वजनिक शाळांना व्हावा, हा त्यांचा हेतू होता. पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये संमत केला व १९९२ मध्ये सेंट पॉल येथे पहिली सनदी शाळा सुरू झाली.

राजकीय पाठबळ : सनदी शाळांना दोन्ही प्रमुख पक्षांचा पाठिंबा मिळाला, परंतु त्यामागील अपेक्षा भिन्न होत्या. रिपब्लिकन पक्षातील अनेकांना त्यांत स्पर्धा व पालकांचे निवडस्वातंत्र्य दिसले. डेमॉक्रॅटिक पक्षातील सुधारणावाद्यांना खाजगी शाळांसाठी अनुदानपत्रे देण्यापेक्षा सार्वजनिक चौकटीतला हा पर्याय स्वीकार्य वाटला. तर शहरांतील अनेक गरीब पालकांना नजीकच्या निकृष्ट शाळेतून मुलाला बाहेर काढण्याचा तो मार्ग होता. बिल क्लिंटन यांच्या कारकीर्दीत १९९४ च्या कायद्याने नव्या सनदी शाळांसाठी केंद्रीय साहाय्य सुरू झाले. बराक ओबामा यांच्या प्रशासनाने २००९ मध्ये जाहीर केलेल्या सु. ४३५ कोटी डॉलरच्या स्पर्धात्मक अनुदान योजनेत सनदी शाळांच्या वाढीस अनुकूल असलेल्या राज्यांना जादा गुण ठेवले.

विरोधाचे मूळ प्रामुख्याने वित्तव्यवस्थेत आहे. विद्यार्थी सनदी शाळेत गेला की त्याच्यामागे निधीही जातो. परंतु जुन्या शाळेचा इमारत, वाहतूक व कर्मचारी यांवरील खर्च त्या प्रमाणात घटत नाही. त्याचा भार मागे राहिलेल्या मुलांवर पडतो, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे. स्वतः शँकर हेही १९९० नंतरच्या दशकात या चळवळीचे टीकाकार बनले. २०१६ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यात दरवर्षी जास्तीत जास्त १२ नव्या वा विस्तारित शाळांना परवानगी देण्याचा प्रस्ताव सु. ६२ टक्के मतदारांनी फेटाळला. सोडतीवर आधारित संशोधनात बॉस्टनमधील सनदी शाळांचे निष्कर्ष उल्लेखनीय रीत्या चांगले ठरले असतानाही हा कौल आला. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कार्य करणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने नव्या शाळांना तात्पुरती स्थगिती देण्याची मागणी केली.

शैक्षणिक परिणामांविषयीचे पुरावे संमिश्र आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनकेंद्राच्या २००९ च्या पाहणीत गणितात १७ टक्के सनदी शाळा तुलनेने सरस, ३७ टक्के निकृष्ट व उरलेल्या जवळजवळ समान आढळल्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात मात्र सरासरी प्रगती अन्य सार्वजनिक शाळांपेक्षा किंचित अधिक दिसली. आभासी पद्धतीने चालणाऱ्या शाळा त्यास ठळक अपवाद होत्या.

सनदी शाळांचे राजकीय भवितव्य केवळ परीक्षांच्या निकालांवर अवलंबून नाही, हे यावरून दिसते. सोडतीत जागा मिळालेल्या मुलाचा लाभ व ती न मिळालेल्या मुलाची शाळा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी यांचा मेळ निधिवाटपाच्या नियमांत कसा घालावा, हा या वादाचा गाभा आहे.