मंद उठावाचा माल आणि उधारीची जोखीम

शेतमालाच्या व्यापारात भाव पडण्याचे भय सर्वांस परिचित आहे. परंतु चांगल्या भावाने विकलेल्या मालाचे पैसेच हाती न येणे, ही त्याहून मोठी आपत्ती होय. ज्या मालास गिऱ्हाईक मोजके व उठाव मंद, तेथे ही जोखीम वाढते. मोजक्या खरेदीदारांस दुखवू नये म्हणून विक्रेता उधारीस राजी होतो. आणि त्यांपैकी एखादा बुडाला, तर दुसरा लवकर सापडत नाही.

हा प्रश्न जुनाच आहे. वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटाकडे होता, त्या काळी १८८६ मध्ये रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. तो देशातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. पुढे १९३० मध्ये हैदराबाद संस्थानाने शेतमाल बाजारांचा कायदा केला; मराठवाडा त्या वेळी संस्थानातच होता. नियंत्रित बाजाराचे सूत्र सरळ आहे : व्यापाऱ्याच्या केवळ शब्दावर शेतकऱ्यास विसंबावे लागू नये, परवाना, उघड लिलाव व खरे वजन यांची व्यवस्था बाजारानेच ठेवावी.

उधारी टाळण्याचा दुसरा मार्ग तारणाचा. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून राबविली जात आहे. समजा, गोदामात एक लाख रुपयांचा माल ठेवून त्यावर ७५ हजार रुपये सहा टक्के व्याजाने घेतले. सहा महिन्यांनी देणे ७७,२५० रुपये होते. भाव वीस टक्क्यांनी उतरला तरी माल ८० हजारांचा राहतो व कर्ज सुरक्षित असते. मात्र मंद उठावाचा माल एकदम विक्रीस काढल्यास त्या विक्रीनेच भाव आणखी पडतो. म्हणून उठाव जितका मंद, तितके कर्जाचे प्रमाण कमी ठेवणे शहाणपणाचे.

तारणाचा आधार कागद नव्हे, प्रत्यक्ष माल होय. जुलै २०१३ अखेर मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमधील व्यवहार थांबले व सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी थकली. अनेक गोदामांत नोंदीइतका माल आढळला नाही. २००७ च्या वखार कायद्यान्वये नोंदणीकृत गोदामांची पावती आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळते. पावतीवरील तारणाचा बोजा नोंदला जात असल्याने त्याच मालावर दोनदा कर्ज काढणे कठीण होते. तथापि, गोदामातील मालाची वेळोवेळी तपासणी होणे अगत्याचे आहे.

शेतकरी, सहकारी संस्था व लहान व्यापारी यांनी काही पथ्ये अवश्य पाळावीत. खरेदीदाराचा परवाना पाहावा. वजन होताच हिशेबपट्टी घ्यावी. सर्व माल एकाच खरेदीदारास देऊ नये. उधारी द्यावीच लागली, तर प्रत्येकासाठी तिची मर्यादा आधी ठरवावी आणि मागील बाकी वसूल झाल्याखेरीज नवा माल देऊ नये. दोन पैसे अधिक भावाच्या आशेने दिलेली मोठी उधारी वर्षाची मेहनत बुडवू शकते. म्हणून सौदा ठरविताना भावाबरोबरच पैसे कधी व कोणाकडून मिळणार, हेही निश्चित करून घेणे हिताचे ठरेल.