चित्रपटांतील वडील आणि मोठीं झालेलीं मुलें

'नटसम्राट' (२०१६) पाहतांना आम्हां वृद्धांचे डोळे सहज भरून येतात. गणपतराव बेलवलकर आपलें घर व धन मुलांस देतात आणि अखेर स्वतः निराश्रित होतात. 'मुलें कृतघ्न!' असा निवाडा करून आपण निश्चिंतपणें घरीं येतों.

प्रभातच्या 'कुंकू'नें (१९३७) मात्र वडिलांस इतक्या सुखानें उठूं दिलें नव्हतें. त्यांत वकील काकासाहेब उतारवयांत, मुलांच्या वयाच्या नीरेशीं विवाह करतात. तरुण पुत्र त्या सावत्र आईवरच पापदृष्टि ठेवतो. शकुंतला परांजपे यांनीं रंगविलेली सुशिक्षित कन्या मात्र नीरेचा पक्ष घेऊन पित्यास त्याचा अन्याय दाखविते. एकाच घरांत दोन्ही अपत्यें वाढलीं. पण पहिली चूक वडिलांची, हें दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीं लपविलें नाहीं.

सोळा वर्षांच्या पुत्राशीं मित्रवत् वागावें, हें सुभाषित आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. तथापि महालांतील वाडा असो वा धरमपेठेंतील सदनिका, विवाह, नोकरी वा वांटणीचा प्रश्न निघाला कीं आपण मुलांस विचारीत नाहीं, सांगतों. यास्तव सुज्ञ वाचकहो, 'नटसम्राट' पाहून अवश्य रडावें; परंतु 'कुंकू' मुलांसह बसून पाहावा, आणि नंतर प्रथम त्यांस बोलूं द्यावें.